कॅबिनेट तेवढं राहिलं

शेवटी कॅबिनेट विकतच आणलं. मध्यम उंचीचं, काळं, पुढून जाळीचं, दुकानातलं सगळ्यात स्वस्त. आता आई त्यात कांदे ठेवते. हवा उत्तम खेळते, एकही कांदा सडत नाही.

पण हे काही घडलेलंच नाही असं धरून चालू. दादा तरी अजून दुकानातच उभा आहे आणि ओरडतो आहे.

"रिकाम्या डब्याचे पैसे? आत काही नाही, आणि पैसे?"

"साहेब, कॅबिनेट रिकामंच असतं," दुकानदार म्हणाला. "कम्प्युटरचे भाग तुमचे तुम्ही आत बसवायचे."

"मग अर्धेच घ्या."

"ते का?"

"अर्धं काम मीच करणार ना!"

हे तिसरं दुकान होतं. पहिल्या दुकानात दादाने कॅबिनेटला टिचकी मारून "हा पत्रा आहे की पुठ्ठा?" असं विचारलं होतं. दुसऱ्या दुकानात एका बाजूला काच लावलेलं कॅबिनेट होतं. "कम्प्युटर आहे की माशांची टाकी?" असं तो म्हणाला, तेव्हा दुकानदाराने जेवायची वेळ झाली म्हणून शटर ओढलं. दुकान नुकतंच उघडलेलं होतं.

धाकटी बहीण दात आवळून शेजारी उभी होती. ती घरी बसून एका इंजिनिअरसाठी घरांचे नकाशे काढायची. घरचा जुना कम्प्युटर जिना काढायला घेतला की बंद पडायचा. त्यामुळे तिच्या दोन बंगल्यांना वरचा मजला होता, वर जायला वाट नव्हती. इंजिनिअरने निक्षून सांगितलं होतं, सोमवारी पुरा नकाशा आला नाही तर काम दुसऱ्याला.

"दादा, हे जाळीचं घे आणि चल," ती म्हणाली. "स्वस्त आहे, हवा खेळेल, सगळं मावेल. आणखी काय, लग्न लावायचंय का त्याच्याशी?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तुझं तत्त्व सोमवारी माझा जिना काढून देणार आहे का?"

दादा एका मोठ्या कंपनीत, कम्प्युटरच्या भांडारात कामाला होता. कंपनीची योजना होती, घरच्या कम्प्युटरसाठी कर्मचाऱ्यांना महिन्याला एक भाग मोफत. योजना चांगली, व्यवस्था गचाळ. भागांना साधं खोकंसुद्धा नसायचं. मेमरी मोज्यात आली. प्रोसेसर जेवणाच्या डब्यातून आला आणि आईने तो घासायला घेतला, तेवढ्यात बहिणीने झडप घालून वाचवला. पॉवर सप्लाय मिळाला त्या दिवशी दादा कमरेतून वाकून घरी आला आणि रात्रभर कंपनीच्या नावाने खडे फोडत बसला. आता सगळं सामान पलंगावर मांडून ठेवलेलं होतं. कॅबिनेट तेवढं योजनेत नव्हतं.

"हेच माझ्या डोक्यात जातं," बहीण रस्त्यात म्हणाली. चौथ्या दुकानातून त्यांना नुकतंच बाहेर काढलं होतं. "एवढे महागाचे भाग देतात आणि पत्र्याच्या डब्याला हात आखडता? हत्ती गेला नि शेपूट राहिलं!"

"जाऊ दे ना."

"का जाऊ दे? चार दुकानदारांवर गुरगुरतोस आणि साहेबापुढे तोंडातून शब्द फुटत नाही तुझ्या!"

"तू त्यात पडू नकोस."

"पडणार. साहेबाला जाऊन विचारणार."

"अगं बाई, मोठी वस्तू नाही म्हणजे नाही!" दादा इतक्या जोरात ओरडला की समोरून येणारा सायकलवाला निमूट खाली उतरला.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "मी देते पैसे. आणा आणि मिटवा."

"आई, पैशाचा प्रश्नच नाहीये!"

"मग दुकानात कशावरून भांडत होतास?"

दादाने ताट सरकवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार आपटलं. बहिणीने त्याच्यापेक्षा जोरात दुसरं दार आपटलं. तिच्या खोलीला दार नव्हतं म्हणून तिने कपाटाचं आपटलं.

शनिवारी दादाला सुट्टी होती. तो झोपलेला असतानाच ती कंपनीत जाऊन थडकली. भांडाराच्या मोठ्या साहेबांसमोर बसली तेव्हाही तिचे कान तापलेलेच होते.

"साहेब, तुमची योजना चांगली आहे, पण अर्धवट आहे."

ती बोटं मोजत बोलू लागली. बोर्ड, प्रोसेसर, मेमरी, पॉवर सप्लाय. ग्राफिक्स कार्डापाशी पोचली तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं, उठून दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"सावकाश सांगा, ताई. चहा घ्याल ना?"

तिला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत कुणीतरी तिचं धड ऐकून घेत होतं. साहेबांनी फोन करून आणखी एकाला बोलावलं. तो कागद घेऊन कोपऱ्यात बसला.

"आणि कॅबिनेट का नाही मिळालं?" साहेबांनी अगदी मायेने विचारलं.

"तुमच्याच माणसांची आडकाठी, दुसरं काय!" तिचा आवाज पुन्हा चढला. "भाऊ माझा भिडस्त, तो कधी बोलायचा नाही. म्हणून मी आले. घ्या लिहून. तक्रार नाही, विनंती आहे."

कोपऱ्यातला माणूस सरसावून बसला. तिने घसा साफ केला.

"महोदय, योजनेतल्या बाकी सर्व वस्तू माझ्या भावाच्या शर्टाखाली व्यवस्थित मावल्या. कॅबिनेट मावत नाही. तरी सोमवारच्या आत, फक्त एका दिवसापुरती, गेटवरच्या झडतीतून त्याला सूट मिळावी, ही नम्र विनंती."