सुयांची डबी

औषधाने आईची गाठ आधी विरघळली, मग पुन्हा वाढली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “कॅन्सरच्या पेशी घाईघाईने स्वतःची नक्कल करतात, तेव्हा त्यांच्या आतले डीएनएचे धागे तुटतात. औषध ते आणखी तोडतं. पण वाचलेल्या पेशी थांबून तुटलेलं सांधायला शिकल्यात. नवं औषध त्यांना थांबूच देणार नाही.” “म्हणजे रफू करतात मेल्या!” आयुष्यभर लोकांचे कपडे रफू करून आम्हाला वाढवणारी आई म्हणाली. “माझ्याच अंगात राहून माझाच धंदा!” डॉक्टरीणबाईही हसल्या. घरी येताच आईने सुयांची डबी देवापुढे ठेवली. “औषध चालू आहे तोवर सुई धरणार नाही. माझं बघून आणखी शिकायच्या त्या.” नव्या औषधाच्या पहिल्या सलाईनच्या वेळी माझी बाही खाटेच्या कडेला अडकून फाटली. आईची बोटं आपोआप कडा जुळवू लागली, मग थबकली. फाटकी बाही मुठीत धरून तिने डोळे मिटले.