मासे येण्याआधी

तिने टाकीच्या तळाला, खडीवर, एक बशी ठेवली आणि बशीत मगाने हळूहळू पाणी सोडायला सुरुवात केली. धार बशीवर पडली की खडी उकरली जात नाही, असं मासेवाल्याने बजावलं होतं. मासेवाला म्हणजे पाळायचे मासे विकणारा. खडी धुता धुता तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. पहिलं पाणी चहासारखं निघालं, मग साबणाच्या पाण्यासारखं, आणि शेवटी एकदाचं स्वच्छ.

मासे त्याने दिलेच नव्हते. "ताई, आज नुसतं पाणी," तो म्हणाला होता. "फिल्टर चालू ठेवा, हीटर लावा, झाडं रुजू द्या. पाणी तयार व्हायला महिनाभर तरी जातो. घाई केली की मासे पटापट मरतात. आणि जागा नीट ठरवा हं. भरलेली टाकी हलवता येत नाही."

तिने मान डोलावली खरी, पण घरी येईपर्यंत ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

तिचा नवरा क्रेन चालवायचा, पुलांच्या कामावर. पूल जिथे तिथे क्रेन, क्रेन जिथे तिथे तो, आणि तो जिथे तिथे ती. लग्नापासून हेच चाललं होतं. घरात जड असं काही नव्हतंच. खाट घडीची, टेबल घडीचं, खुर्च्या घडीच्या. मुलगी नोकरीला लागून वेगळी राहायला गेली तेव्हा म्हणाली होती, "बाबा, आता आईचीही घडी घाला, म्हणजे न्यायला सोपी!" सगळे हसले. सगळ्यात जोरात ती हसली.

नव्या कामाची बातमी आली की तीच आधी खोकी गोळा करायची. गाणं गुणगुणत भांडी कागदात गुंडाळायची. आपण तोंड पाडून बसलो तर ते तोंड त्याला क्रेनवर आठवेल, अशी तिला धास्ती. इतक्या उंचावरचं काम, माणसाचं चित्त थाऱ्यावर हवं.

या गावात मात्र तिचा पाय रुतला होता. पडदे शिवायच्या कारखान्यात मालकीणबाईंनी कापड बेतायचं टेबल तिच्या हवाली केलं होतं. शेजारीण बेल न वाजवता सरळ आत यायची, आणि आल्या आल्या काय शिजतंय ते झाकण उघडून बघायची. असं कोणी झाकण उघडण्याइतकं ती आजवर कुठल्याच गावात राहिली नव्हती. मग इथल्या पुलाची शेवटची तुळई बसली, पूल पुरा झाला. त्याने आनंदाने घरी येऊन सांगितलं. ती "वा!" म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येताना काचेपलीकडे निळ्या रेघेचे इवलेसे मासे एकदम वळताना दिसले, तशी ती दुकानात शिरली. आपण नेमकं काय करतोय, हे तिचं तिलाही धड कळलं नव्हतं.

टाकी अर्धी भरली होती, तेव्हा नवरा कामावरून आला.

"हे काय?"

"माशांची टाकी."

तो वाकला. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. "मासे कुठायत?"

"यायचेत. महिन्याभराने."

त्याने हेल्मेट काढून खुर्चीवर ठेवलं. "अगं, महिन्याभराने आपण इथे कुठे असणार? आजच साहेबांनी सांगितलं. खाडीवरचा पूल आहे, मोठं काम आहे."

तिने मग बादलीत बुडवला. कारखान्यात कापड कापता कापता तिने बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. शांतपणे, एकेक मुद्दा. त्यातलं एक अक्षर आता आठवेना.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी इथेच राहते. सुट्टीला येत जा. मला आता नाही हो जमत."

बोलता बोलता तिने अख्खा मग एकदम ओतला. पाणी बशीबाहेर पडलं, खडी उसळली आणि सगळी टाकी गढूळ झाली.

मग त्याने कामाची पिशवी उघडली, आतून सपाटी बघायची पाणसळ काढली आणि टाकीच्या कडेवर आडवी ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा डावीकडे सरकून तिथेच अडून बसला.

"उजवीकडे उतरलीय," तो म्हणाला. "पूर्ण भरलीस की काच तडकणार. आधी उपस."

बाह्या सरसावून तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. दोघं मगाने पाणी उपसू लागली. तिने दोनदा चोरून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही अंदाज लागेना.

"रागावलात?" शेवटी तिने विचारलं.

"कंपनीच्या डेपोत क्रेन दुरुस्तीला माणूस हवाय," तो म्हणाला. "इथल्या इथे, फिरती नाही. कधीपासून मागे लागलेत माझ्या. मागच्या गावातही लागले होते, त्याच्या मागच्याही. दर वेळी मीच नाही म्हणून येतो."

तिचा हात थांबला. "का?"

"का म्हणजे? तुझ्यासाठी!" आता तो तिच्याकडे वळला. कोपरापर्यंत भिजला होता, आणि हसावं की कपाळाला हात लावावा हे त्याला ठरवता येत नव्हतं. "खोकी आली की गाणी म्हणतेस. मला वाटायचं, भिंगरी तुझ्या पायाला आहे!"