तीन पायांची खुर्ची

“ही खुर्ची आहे की गाय?”

स्क्रीनच्या वरच्या कडेला, साइटच्या नावाशेजारी, नखाएवढं चित्र होतं. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं आणि अख्खं ऑफिस हसलं.

“खुर्ची आहे,” ती म्हणाली. कुणी काढली ते सांगितलं नाही. कान मात्र तापले.

वेबसाइट बनवणं हा तिचा धंदा. लोकांच्या बनवता बनवता एक घरचीही बनवली होती, आईबाबांच्या वेताच्या खुर्च्या विणायच्या दुकानाची. गिऱ्हाइकानं मोडक्या खुर्चीचा फोटो टाकायचा, शेजारचं हिरवं बटण दाबलं की दुकानातून त्याला फोन. काम चोख. चित्र तेवढं बाबांनी हट्टानं स्वतःच्या हातचं लावायला लावलं होतं. पुठ्ठ्यावर काढलेली खुर्ची, तीही तीन पायांची.

“चौथा मागे आहे,” ते म्हणाले होते. “फोनवर हेच दिसू दे. बाकी काय शहाणपणा करायचा तो कर.”

त्या संध्याकाळी तिनं खुर्ची काढून तिथे एक ऐटबाज निळं अक्षर बसवलं. पण फोन एकदा जपून ठेवलेलं चित्र सहजी सोडत नाही. म्हणून रविवारी ती मुद्दाम दुकानात गेली, आईजवळच्या फळीवरून दुकानाचा फोन उचलला, साइट उघडायची जुनी खूण पुसली आणि नवी लावली. बाबा बाहेरच्या कामाला निघाले होते. एका सभागृहाच्या खुर्च्या तिथेच जाऊन विणायच्या होत्या. आईचे हात ओल्या वेतात होते. दोघांपैकी कुणाला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही.

दहा दिवसांनी तिनं सहज साइट तपासली. अकरा फोटो पडून होते. एकालाही फोन गेला नव्हता. त्यात एका वाचनालयाच्या चाळीस खुर्च्या होत्या, म्हणजे दुकानाला सहा महिन्यांचं काम. ती तशीच उठून दुकानात गेली.

“बाबा, एकही फोटो बघितला नाहीत?”

बाबांनी आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून विणत होती.

“माझंच चुकलं,” ते म्हणाले. “चष्मा सापडत नव्हता.”

चष्मा! शाळेतून प्रगतिपुस्तक आलं की बाबांचा चष्मा सापडायचा नाही. पत्र आलं, औषधाची बाटली आली, की तेच. मग आई म्हणायची, “तूच वाच गं मोठ्यानं, माझे हात ओले आहेत.” आणि ती तोऱ्यात वाचायची. तिनं भिंतीकडे पाहिलं. प्रत्येक खणावर बाबांनी चित्र काढलं होतं: खिळा, कात्री, थेंब, दोरा. अक्षर एकाही खणावर नव्हतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या गिऱ्हाइकाला बटण सापडेल ना, याचा ती दिवसदिवस विचार करायची. आणि चार माणसं हसली म्हणून बापाची एकुलती एक खूण तिनं पुसून टाकली होती. तिथेच स्टुलावर बसून तिनं खुर्ची परत लावली.

आई वेत भिजवायला मागच्या दारी गेली, तेव्हा लेक हळूच म्हणाली, “बाबा, यात लाजण्यासारखं काही नाही. मी शिकवते तुम्हाला वाचायला.”

बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि वाचनालयाचा सकाळचा निरोप, चष्मा न लावता, दबक्या आवाजात, कुठेही न अडखळता वाचला. “आठ दिवस वाट पाहिली. आपल्याकडून फोन न आल्याने काम दुसरीकडे दिले आहे.”

फोन त्यांनी परत आईच्या फळीवर ठेवला, नेहमीच्या जागी. मागच्या दाराकडे एकदा पाहिलं.

“मी रोज घरी आल्यावर विचारायचो. तुझी आई म्हणायची, काही आलं नाही,” ते म्हणाले. “तू रोज ये. मला शिकव, मोठ्यानं. ती शेजारी विणत बसेल.”