हवामापकाचे शून्य

शाळेच्या गच्चीवर तंत्रज्ञ कुमुद तांडेल यांनी हवामापकाचे शून्य लावले, आणि मापकाला जोडलेल्या समोरच्या कारखान्याच्या भट्ट्या आपोआप विझल्या.

कारखान्याला प्रदूषणाच्या कायद्यातून सवलत होती. त्यामुळे दरवर्षी त्याच्या धुराची हवाच शुद्ध धरून मापकाचे शून्य तिच्यावर लावले जाई. मुले खोकत असली तरी मापकाचा पडदा 'शुद्ध' दाखवी. यंदा कुमुदताईंनी डोंगरावरची हवा नळकांड्यात भरून आणली होती आणि शून्य तिच्यावर लावले होते. आकडा तीनशेवर गेला, आणि मर्यादा ओलांडताच भट्ट्या बंद पडल्या.

व्यवस्थापक धापा टाकत जिना चढून आले. "अहो बाई, आम्हाला सूट आहे!"

"कारखान्याला आहे, साहेब. फुप्फुसांना अजून मिळालेली नाही."

"शून्य पूर्ववत लावा."

कुमुदताईंनी शून्य फिरवायचा पेचकस पुढे केला. "तुम्हीच लावा. मात्र मापक खाली पटांगणात नेऊन, मुलांसमोर. आणि हवा शुद्ध असल्याच्या प्रमाणपत्रावर सही तुमची."

पेचकस कुमुदताईंच्याच हातात राहिला.