आशेविरुद्ध एक व्याख्यान

"ऐकल्याशिवाय कसं म्हणता बाबा, की वाईट आहे?" कन्येने विचारले. तिचे हेडफोन त्या क्षणी प्राध्यापकांच्या मुठीत होते.

"विष चाखून बघायचं नसतं."

"अहो, शाळेतली सगळी पोरं ऐकतायत ते," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "मेलं का कुणी?"

"मेली असती तर निदान गंभीर तरी झाली असती."

वादाचा विषय होता 'उद्याचं ऊन' हा अल्बम. पहिल्यापासून शेवटपर्यंत विजेच्या वाद्यांवर वाजवलेला आणि कन्येच्या म्हणण्याप्रमाणे आशेने काठोकाठ भरलेला. तिच्या वर्गाला तो तोंडपाठ होता. गणितात नापास झालेल्या एका मुलाने तो ऐकत ऐकत आपल्या उत्तरपत्रिकेचे विमान केले होते आणि ते मुख्याध्यापिकांच्या टेबलावर अलगद उतरले होते.

"काय असतं त्यात एवढं?"

कन्येने जरा विचार केला. "ते ऐकलं ना, की वाटतं उद्या काहीतरी होणारे. काय ते माहीत नाही. पण होणारे."

"परीक्षा होणार आहे."

"बाबा!"

"आणि हा पराक्रम केलाय कुणी?"

"कुणालाच माहीत नाही. तेच तर भारी आहे! कुठल्याशा माळ्यावर सापडला म्हणे."

"तिथेच ठेवायला हवा होता."

प्राध्यापकांचा आशेवरचा राग वैयक्तिक नव्हता, तो संशोधनाअंती आलेला होता. ऐन तारुण्यात एका भंगारवाल्याकडे त्यांना एक जुनी तबकडी मिळाली होती. तिला वेष्टण नव्हते, तिच्यावर संगीतकाराचे नाव नव्हते. तिच्यात होता एक खोल, खचलेला पुरुषी आवाज आणि त्यामागे फरफटत चाललेली विजेची वाद्ये. त्या एका तबकडीवर प्राध्यापकांनी उमेद खर्ची घालून 'विलयाचे सौंदर्यशास्त्र' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. तिच्यातल्या ठोक्यांना त्यांनी 'थकलेल्या हृदयाची कबुली' म्हटले, आणि पुढे बऱ्याच विद्वानांनी, तबकडी न ऐकताच, तसेच म्हटले. स्वतः प्राध्यापक मात्र ती नित्य ऐकत. दार लावून, एकटे, सासऱ्यांकडून आलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर. त्या यंत्राचा खटका लग्नाआधीच गंजून मंद गतीवर बसला होता, आणि जावयाच्या स्वभावाला ती गती मानवली होती.

"बाप एका खोलीत दार लावून रडतो, लेक दुसऱ्या खोलीत दार लावून नाचते," आई शेजारणींना सांगे. "मला मधल्या भिंतींतून दोन्हीकडून धपधपच ऐकू येतं."

आता मात्र रडण्याला फळ येण्याची वेळ आली होती. विद्यापीठात शोकसंगीताचे अध्यासन स्थापन होणार होते आणि त्या खुर्चीसाठी दोनच नावे उरली होती. एक प्राध्यापकांचे. दुसरे लोकनृत्य विभागातल्या एका गृहस्थांचे, जे स्वतःच्या विनोदांना स्वतःच आधी हसत असत. निवड समितीसमोर प्राध्यापकांचे व्याख्यान ठरले. विषय त्यांनीच दिला होता: 'आशा, एक स्वस्त व्यसन'. सभागृह भरलेले दिसावे म्हणून कुलगुरूंनी जवळच्या शाळेतला एक वर्ग मागवला. तो कन्येचाच निघाला.

"गप्प बसलात तर हेडफोन परत," प्राध्यापकांनी करार मांडला. "एकाने जरी खुदकन आवाज केला, तर कायमचे जप्त."

"आणि तुम्हाला खुर्ची नाही मिळाली तर?"

"तर तिथे तो नाच्या बसेल, आणि निवृत्त होईपर्यंत मी त्याच्या हाताखाली ठेका धरीन."

कन्येला बापाची पहिल्यांदाच दया आली. तिने वर्गाला दम भरला. वर्ग शहाण्यासारखा मागच्या रांगांत बसला.

व्याख्यानाच्या दिवशी ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस आजारी पडला, म्हणून तबकडी लावायचे काम कन्येकडे आले. सभागृहातला रेकॉर्ड प्लेअर नवा कोरा होता. प्राध्यापकांनी तान्हे मूल द्यावे तशी तबकडी तिच्या हातांत ठेवली. आजवर त्यांनी घरात कुणाला तिला हात लावू दिला नव्हता.

"बाबा, मधल्या कागदावर पंचेचाळीस लिहिलंय."

"संगीतकाराचं वय ते. त्याच वर्षी त्याने जगाचा निरोप घेतला. तिसरं प्रकरण वाच."

"पण इथे यंत्रावरपण पंचेचाळीस..."

प्राध्यापक व्यासपीठाकडे निघूनही गेले होते. कन्येने खांदे उडवले आणि गतीचा खटका त्या आकड्यावर सरकवला.

व्याख्यान भेदक झाले. आशा ही विचार करण्याचा कंटाळा आलेल्यांची करमणूक आहे, असे प्राध्यापक म्हणाले. 'उद्याचं ऊन' या अल्बमचा उल्लेख त्यांनी चिमट्यात झुरळ धरावे तसा केला. समितीचे अध्यक्ष, ज्यांच्या चेहऱ्यावर कुणी कधी सुरकुतीखेरीज काही हललेले पाहिले नव्हते, ते मान डोलावू लागले. लोकनृत्यवाले गृहस्थ रुमालाने घाम टिपू लागले. मागच्या रांगांतून श्वासाचाही आवाज येत नव्हता. खुर्ची आता बोटभर अंतरावर होती.

"माझं बोलणं इथे संपतं," प्राध्यापक म्हणाले. "आशा मेल्यावर माणसाकडे काय उरतं, ते या मुलांनी आता स्वतःच ऐकावं."

त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि मान हलवून खूण केली.

कन्येने सुई टेकवली. एका तरुण मुलीचा लख्ख आवाज सभागृहभर उसळला, आणि अख्खा वर्ग खुर्च्यांवर उभा राहून 'उद्याचं ऊन' पहिल्या अक्षरापासून गाऊ लागला.