मोठ्या मनगटाचे घड्याळ

"हे एकोणचाळीस मिलिमीटरचं आणि हे पंचेचाळीसचं. दोन्ही क्रोनोग्राफ, स्टॉपवॉचवाले." मॅक्सवेलने मखमली ट्रेमध्ये घड्याळे शेजारी शेजारी ठेवली. "लवूकाका, नुसती तबकडी बघून भुलू नका. मनगटावर बसलं पाहिजे."

लवूने लहान घड्याळ आपल्या हाताला लावून पाहिले. जन्मभर जाळी ओढलेल्या त्या हातावर ते अगदीच चिमुकले दिसले.

"जेका देवचां, तेका ह्यां खेळण्यासारख्यां दिसात," शेजारी बसलेली त्याची बायको विमला म्हणाली.

मॅक्सवेल दुबईत असलीच घड्याळे विकून मालवणात परतला होता. हात न बघता घड्याळ देणे त्याच्या जिवावर येई. "मग त्यांनाच आणा ना."

"तो खंय येता! रात्रभर गावाची राखण करता. चालान चालान चपला झिजयता."

म्हणजे वॉचमन. वॉचमनला एवढे भारी घड्याळ? मॅक्सवेलच्या चेहऱ्यावर ते दिसलेच असावे.

"आमच्या प्रितेशच्या होडयेचा इंजिन बंद पडला," विमला म्हणाली. "काळोखात होडी खडपार, खडकांवर आपटूक चल्लली. तेवढ्यात किनाऱ्यार हो बत्ती हलयत उभो. ती बघून झिलान वल्यांनी होडी फिरवल्यान. एकुलतो झील माझो. आता परत दर्यार जातंय म्हणता. मी सांगलंय, तेनी घड्याळ घेतल्याशिवाय तू होडयेत पाय ठेवचो नाय."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर होडी इकूची," लवू म्हणाला. "तोंडान बोलना नाय तो. उजवी दिल्यान तर होय, डावी दिल्यान तर नाय."

बिचारा मुका दिसतोय. मॅक्सवेलला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली आणि तो मन लावून कामाला लागला.

"मोठ्या घड्याळाची ही बटणं पंजात रुततात. काठी कुठल्या हातात धरतात?"

"हत्यार उजव्यात. डावो मोकळो."

"मग डाव्यातच घालू. जाड घड्याळ बाहीत अडकतं, तेवढं बघा."

"शर्ट घालना नाय तो."

मालवणच्या उकाड्यात तेही खरेच. मॅक्सवेलने पंचेचाळीसचे घड्याळ पुढे सरकवले. लवूने खिशातून मनगटाच्या मापाचा दोरा काढला. स्टीलचा पट्टा त्याला पुरेना.

"चांगलेच धिप्पाड आहेत की!"

"हां तर!" लवू अभिमानाने म्हणाला.

"जास्तीच्या कड्या घेऊन मीच येतो. नाव काय त्यांचं?"

लवू तोंड उघडणार तोच विमलाने त्याला कोपराने ढोसले. "असा बाजारात नाव घेवचा नाय तेचा. तू रविवारी चर्चातली मिसा झाल्यार ये रे."

रविवारी मॅक्सवेल हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्या गावी पोचला. प्रितेश वाटेवरच थांबला होता. त्याची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती आणि तो राहून राहून तिच्याकडे बघत होता. लवूने दोऱ्यावर धरून पट्ट्याला कड्या जोडून घेतल्या.

"पाय धुवन ये," लवू म्हणाला. "आत काळोख आसा, सांभाळून."

घड्याळ घेऊन तो पुढे गेला. पाय धुऊन मॅक्सवेल आत शिरला तेव्हा कोणीतरी शिडीवर चढून पट्टा बसवत होते. खाली विमला हात जोडून उभी होती. तिचे ओठ हलत होते. प्रितेशने डोळे मिटून घेतले होते. पट्टा टक् करून बसला, एक कडीही कमी नाही की जास्त नाही. सगळे कौलाची वाट बघत राहिले, आणि मग गावाची राखण करणाऱ्या काळ्या दगडी वेतोबाच्या उजव्या खांद्यावरचे फूल अलगद सुटून खाली आले.