चादरीआड

"मूल कोणाचं?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"पुतण्या आहे माझा," थोरली म्हणाली. "मी इथलीच, धुलाईखात्यातली. कायम आहे."

"मग आगाऊ रक्कम भरा. कायमवाल्यांच्या फक्त स्वतःच्या मुलांना उपचार फुकट. पुतण्याला चालत नाही."

बाळ निळसर पडलं होतं. लगेच काचेच्या पेटीत ठेवायला हवं, असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या. त्याला छातीशी धरून धाकटी भिंतीला टेकली होती. चारच दिवसांपूर्वी ती घरी बाळंत झाली होती, दिवस भरायच्या आत.

दोघी जावा. याच रुग्णालयात चादरींच्या घड्या घालायच्या. एक टोक थोरलीच्या हातात, दुसरं धाकटीच्या. काम एकच, पगार मात्र थोरलीला तिप्पट, कारण धाकटी ठेकेदाराकडून लागलेली. थोरलीला बाळंतपणाची भरपगारी रजा होती आणि मूल नव्हतं. धाकटीला दिवस गेले आणि रजा नव्हती. पोट दिसलं की ठेकेदार दुसऱ्या दिवशी घरी बसवतो, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून थोरलीनं शक्कल काढली. मुकादम फिरकला की ती ओरडायची, "चादर धर गं!" दोघी चादर उंच ताणून धरायच्या आणि धाकटी तिच्याआड व्हायची. तो गेला की तोंड दाबून हसायच्या. रुग्णालयात कोणाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. ओल्या चादरींचे गठ्ठे मात्र धाकटी शेवटच्या दिवसापर्यंत उचलत राहिली. ते कसे चुकवायचे, हे थोरलीलाही सुचलं नव्हतं.

"साहेब, पाया पडते तुमच्या," थोरली म्हणाली.

"नियम मी केलेत का, बाई? लवकर बोला. आई कोण याची?"

थोरलीनं मागे वळून पाहिलं. धाकटी पुढे आली. तिनं बाळ जावेच्या हातात दिलं.

"हीच," ती म्हणाली. "घाबरलीय हो, म्हणून काहीतरी बरळतेय."

कारकुनानं थोरलीच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि शिक्का मारला. "आईनं आत जायचं. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं."

'आई' हा शब्द ऐकायला थोरलीचे कान जन्मभर आसुसले होते. आज तो कानावर पडला आणि तिला पाऊल उचलवेना. धाकटीनंच तिला पाठीवर हात ठेवून आत ढकललं. काचेचं दार बंद झालं.

बऱ्याच वेळानं परिचारिका बाहेर आली. "बाळ सावरतंय. पण आईला दूधच नाही. नळीनं पाजायला कोणाचं तरी हवं. अंगावर पाजणारी कोणी आहे का ओळखीतली?"

धाकटी उठली. तिचे कपडे केव्हाचे भिजले होते.

"मी आहे."

"तुम्ही कोण बाळाच्या?"

धाकटीनं पदर पुढे ओढून घेतला. "काकू."